रिकामा वर्ग आणि शिक्षकाची पात्रता

शिक्षक महिनाभर रजेवर गेला, निवृत्त झाला किंवा निवडणुकीच्या कामाला जुंपला गेला, की त्याच्या वर्गावर कोणाला पाठवायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात शाळांइतकाच जुना आहे. शिक्षक होण्यासाठी माणूस किती शिकलेला असावा, याचे नियम गेल्या दोनशे वर्षांत पायरीपायरीने कडक होत गेले. पण नियमात बसणारी माणसे कोणत्याच काळात पुरेशी मिळाली नाहीत, आणि जिथे ती मिळाली तिथे त्यांना नेमायला पैसा नव्हता. उरलेले वर्ग सांभाळले ते उमेदवारांनी, अनट्रेन्ड मास्तरांनी, रजेच्या जागेवर लागलेल्यांनी आणि मानधनावरच्या माणसांनी. त्यामुळे शिक्षकाच्या पात्रतेचा इतिहास सांगताना नियमाबरोबर त्याला काढलेला अपवादही सांगावा लागतो. अनेकदा अपवादच नियमापेक्षा मोठा होता.

इंग्रजी अमलापूर्वी आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत किंवा पंतोजीच्या स्वतःच्या घरी शाळा भरे. मुलगा प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवी. पुढे मोडी लेखन, उजळणी, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतचे पाढे आणि तोंडी हिशेब, एवढ्यात शिक्षण पुरे होई. पंतोजीची पात्रता कोणी तपासत नसे. अक्षर वळणदार आहे, हिशेब पक्का आहे आणि मुले धाकात राहतात, एवढे गावाला दिसले की पुरे. मोबदला धान्य, शिधा आणि थोडीफार रोकड अशा रूपात मिळे. मोठी मुले लहानांना पाढे म्हणून दाखवीत आणि कित्ता देत, त्यामुळे पंतोजी जागेवर नसला तरी शाळा चालू राही. मद्रासकडील देशी शाळांतली हीच रीत अँड्र्यू बेल यांनी पाहिली आणि इंग्लंडात नेली. तिथून ती ‘मॉनिटर पद्धत’ या नावाने पुन्हा हिंदुस्थानच्या सरकारी शाळांत आली. शिक्षक कमी असताना वर्ग चालवण्याचा हा सर्वांत जुना उपाय सर्वांत टिकाऊही ठरला.

पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले आणि शिक्षकाकडे प्रथमच सरकारी नजरेने पाहिले गेले. १८२२ मध्ये देशी भाषांतील शाळा व शालेय पुस्तकांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या समितीने १८२३ मध्ये देशी शाळांची स्थिती तपासली आणि चार उणिवा नोंदवल्या: पुस्तके नाहीत, शिकवण्याची सोपी पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. यांतली तिसरी उणीव भरून काढण्याचे काम मंडळीचे सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि त्यांचे सहकारी सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्याकडे आले. नवी छापील पुस्तके आणि नवी पद्धत शिकवून त्यांनी निवडक माणसे तयार केली. त्यांतल्या २४ शिक्षकांची पहिली तुकडी १८२६ मध्ये जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांवर रवाना झाली. शिकवण्यापूर्वी शिकवायला शिकलेला मास्तर मराठी मुलखात इथून दिसू लागतो. इलाख्याच्या विस्तारापुढे २४ ही संख्या नगण्य होती, पण तिच्यामुळे एक फरक पडला. मास्तर लायक आहे की नाही हे आता गाव ठरवणार नव्हते, ते शिकवून तयार करणारी संस्था ठरवणार होती.

पुढचे पाऊल १८४५ मध्ये पडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापकांसाठी ‘नॉर्मल क्लास’ निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे देण्यात आली. दुसऱ्याच वर्षी, ऐन चौतिशीत, बाळशास्त्री वारले आणि ही जबाबदारी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे आली. शिक्षक तयार करण्याचे काम त्या पिढीने आपल्यातल्या पहिल्या प्रतीच्या विद्वानांना दिले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदी कृष्णशास्त्री चिपळूणकर आले, तेव्हाही हाच पायंडा राहिला.

मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका हव्या होत्या आणि त्या मिळवणे आणखी कठीण होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. सरकारने स्त्री शिक्षिकांचा विचार गंभीरपणे सुरू करण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी स्त्रियांच्या अध्यापक शाळांचा आग्रह धरला. पुण्यात मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारे सरकारी विद्यालय उभे राहिले ते त्यानंतर. शिक्षकांच्या पत्नी आणि विधवा, या दोन वर्गांतून शिक्षिका मिळतील असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा हिशेब होता. विधवांच्या बाबतीत तो पुढे खरा ठरला. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमातून आणि रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनातून शिकून निघालेल्या कितीतरी स्त्रिया मास्तरीण म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. ज्या समाजाने त्यांना माजघराच्या कोपऱ्यात बसवले होते, त्याच समाजाच्या मुली त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसल्या. पात्रतेच्या दाखल्याने एवढे मोठे काम दुसरीकडे क्वचितच केले असेल.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक-प्रशिक्षण हे सरकारचे कर्तव्य ठरवले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि ट्रेनिंग कॉलेजांची साखळी उभी राहू लागली. इथून पात्रतेला निश्चित आकार आला. मराठी शाळेची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा ट्रेनिंग कॉलेजात जाई. तिथे विद्यावेतन मिळे आणि एक, दोन किंवा तीन वर्षे काढल्यावर त्या-त्या वर्षाचे प्रमाणपत्र हाती येई. ‘थर्ड इयर ट्रेन्ड’ मास्तराचा गावात रुबाब असे. ज्याने एकच वर्ष काढले, त्याचा पगारही कमी आणि मानही कमी. मराठी सातवीच्या अखेरच्या परीक्षेचे पूर्ण नाव ‘व्हर्नाक्युलर फायनल’. लोक तिला नुसते ‘फायनल’ म्हणत. फायनल झालेला माणूस तलाठी होऊ शके, कारकून होऊ शके, मास्तरही होऊ शके. तिन्ही वाटांत मास्तरकीचा पगार कमी असला, तरी गावातली पत्रे वाचून दाखवणे, अर्ज लिहून देणे आणि पुष्कळ ठिकाणी टपाल सांभाळणे ही कामे मास्तराकडेच येत, त्यामुळे त्याचे वजन मोठे असे.

या व्यवस्थेतली उणीव जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमकी दाखवली. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो आणखी जास्त असावा, असे त्यांनी मांडले. शिक्षक शेतकरी आणि कष्टकरी समाजातून यावेत, गरज पडली तर नांगराला किंवा सुताराच्या हत्याराला हात लावायला त्यांना लाज वाटू नये, हीही त्यांची मागणी होती. पात्रता म्हणजे परीक्षेचा दाखला एवढाच अर्थ शिक्षणखात्याने धरला होता. ज्यांच्या मुलांना शिकवायचे, त्यांच्या जगण्याशी शिक्षकाचे नाते असणे हाही पात्रतेचा भाग आहे, असे फुले सांगत होते. हा मुद्दा पुढच्या कोणत्याही नियमावलीत उतरला नाही. तो सोडला नाही तो काही संस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वतीने १९३५ मध्ये साताऱ्याला ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ काढले, ते खेड्यातल्या मुलांमधून खेड्यासाठी शिक्षक घडवायला. पुढे रयतने खेडोपाडी पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालवल्या. लोकांच्या जागेत, लोकांच्या मदतीने चालणाऱ्या या शाळांना सरकारी नियमात बसणारे शिक्षक पुरवायचे ठरवले असते, तर त्यांतल्या बहुतेक निघाल्याच नसत्या.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे गेला आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द घराघरात पोहोचला. बोर्डाच्या शाळांत ट्रेन्ड आणि अनट्रेन्ड असे दोन थर कायमचे झाले. अनट्रेन्ड मास्तर फायनल झालेला, वयाने विशी-बाविशीतला आणि तात्पुरत्या नेमणुकीवर असे. ट्रेन्ड मास्तर प्रशिक्षणाला किंवा रजेवर गेला की त्याची जागा हा भरून काढी. तो परतला की हा पुढच्या गावी, पुढच्या रजेच्या जागेवर. अशी चार-पाच वर्षे काढल्यावर बोर्ड त्याला ट्रेनिंगला पाठवी आणि तो कायम होई. म्हणजे बदली मास्तराचे काम ही शिक्षकी पेशाची पहिली पायरी होती. शिकवता-शिकवता शिकायचे आणि मग दाखला मिळवायचा, असा तो क्रम होता. आजचा क्रम उलटा आहे. आज दाखले आधी गोळा करावे लागतात आणि वर्ग मिळाला तर नंतर.

माध्यमिक शाळांत पदवी आणि प्रशिक्षण यांची सांगड उशिरा पडली. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मध्ये निघाले आणि पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ मध्ये. बी. टी. म्हणजे आजचे बी. एड. ही पदवी हायस्कूलच्या शिक्षकाची खूण झाली. तरी इंग्रजी आणि गणिताचे तास पुष्कळ वर्षे नुसत्या पदवीधरांनीच घेतले.

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून आलेल्या मूलोद्योग शिक्षणाने शिक्षकाच्या पात्रतेत सूतकताई, शेती आणि हस्तोद्योगाची भर घातली. काही काळ अध्यापन मंदिरांत टकळी आणि चरखा फिरला. फुल्यांच्या मागणीच्या जवळ जाणारा हा प्रयत्न होता, पण तो फार काळ टिकला नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. फायनलच्या जागी एस. एस. सी. आली, प्राथमिक शिक्षकांच्या पी. टी. सी. या प्रमाणपत्राच्या जागी दोन वर्षांची डी. एड. पदविका आली आणि पुढे डी. एड.च्या प्रवेशासाठी बारावी लागू लागली. खाजगी शाळांतल्या नेमणुका मात्र संस्थाचालकांच्या मर्जीवर होत्या. त्यांना चाप लावण्यासाठी राज्याने १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला आणि त्याखालची नियमावली १९८१ मध्ये आली. शिक्षकांच्या बोलण्यात तिचे नाव ‘एमईपीएस’. या नियमावलीच्या परिशिष्ट ‘ब’मध्ये प्रत्येक पदाची पात्रता मांडली आहे.

रजेच्या जागेवरच्या शिक्षकाला कायद्यात पहिल्यांदा स्पष्ट स्थान मिळाले ते याच नियमावलीत. कायमची जागा रिकामी असेल तर संस्थेने पात्र उमेदवाराला दोन वर्षांच्या परिवीक्षेवर नेमावे आणि ती समाधानकारक पार पडली की तो कायम समजावा, असे मूळ कायद्यात होते. जागा तात्पुरती असेल तर नेमणूकही ठराविक मुदतीची. नेमणुकीच्या आदेशाचा नमुनाच नियमावलीने छापून दिला आहे. त्यात रजेच्या किंवा प्रतिनियुक्तीच्या जागेवर नेमलेल्या माणसाला कळवले जाते, की ही नेमणूक निव्वळ तात्पुरती असून मुदत संपताच कोणतीही नोटीस न देता सेवा संपेल. महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांच्या फायलीत पहिला कागद हाच असतो. हा आदेश हातात घेणाऱ्या माणसाची पात्रता कायम शिक्षकाएवढीच असते, कारण परिशिष्ट ‘ब’ दोघांना सारखेच लागू आहे. फरक आहे तो कागदाखालच्या मुदतीचा.

याच नियमावलीने अपवादाची वाटही ठेवली. प्रशिक्षित पदवीधर मिळत नसेल, तर शिक्षणाधिकाऱ्याच्या परवानगीने विज्ञान-गणितासाठी अप्रशिक्षित विज्ञान पदवीधर आणि इतर विषयांसाठी कला-वाणिज्य पदवीधर नेमता येई. अट अशी, की नेमणूक एकेका वर्षाची, प्रशिक्षण स्वखर्चाने घ्यायचे आणि प्रशिक्षित माणूस मिळाला की जागा सोडायची. जूनमध्ये लागायचे आणि एप्रिलअखेर मोकळे व्हायचे, ही कितीएक शिक्षकांची वर्षानुवर्षांची रहाटी झाली, कारण उन्हाळी सुटीचा पगार वाचे आणि सेवाही खंडित दिसे. हा प्रकार केवळ महाराष्ट्रातला नव्हता. हरियाणातल्या अशाच नेमणुकांवर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतनलाल खटल्यात कडक शब्दांत नापसंती नोंदवली आणि सुटीचे वेतन नाकारून शिक्षकांना दरवर्षी काढून पुन्हा घेण्याची रीत बंद करायला सांगितले. ज्या माणसाने वर्षभर शिकवून परीक्षा घेतल्या, त्याला मे महिन्यापुरते बेकार करण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

२००० च्या सुमारास सरकारने तात्पुरतेपण स्वतःच स्वीकारले. शिक्षणसेवक योजनेत पूर्ण पात्र उमेदवाराला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन कितीतरी वर्षे महिना ६,००० रुपये होते. ते १६,००० झाले २०२३ मध्ये. शिक्षणसेवक योजना आली त्याच सुमारास वाड्या-वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे त्याच वस्तीतला शिकलेला तरुण किंवा तरुणी नाममात्र मानधनावर ‘निमशिक्षक’ म्हणून लागे. निमशिक्षकाकडे बहुधा डी. एड. नसे. पण पावसाळ्यात ओढा भरला तरी तो शाळेत असे, कारण त्याचे घर ओढ्याच्या अलीकडेच असे. या निमशिक्षकांनी पुढे नोकरी करता करता डी. एड. पूर्ण केले आणि लांबलेल्या लढ्यानंतर २०१४ मध्ये ते नियमित सेवेत आले. स्कूल बोर्डाच्या काळातला जुना क्रम त्यांच्या रूपाने पुन्हा एकदा चालून गेला.

२०१० नंतरचा काळ परीक्षांचा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेला. परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी सक्तीची केली. महाराष्ट्रात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिली ते पाचवीसाठी वेगळा पेपर, सहावी ते आठवीसाठी वेगळा. २०१७ पासून भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही आली आणि नेमणुकांसाठी निवड ‘पवित्र’ या ऑनलाइन प्रणालीतून होऊ लागली.

नियम असे चढत असताना भरती मात्र थांबलेली होती. मे २०१२ पासून राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली आणि ती वर्षानुवर्षे रेंगाळली. त्याआधीच्या दशकात खाजगी डी. एड. महाविद्यालये गल्लोगल्ली निघाली होती. त्यांतून बाहेर पडलेल्या मुला-मुलींचे वय परीक्षांच्या आणि जाहिरातींच्या वाटेकडे डोळे लावून सरले. एवढ्या मोठ्या गर्दीला एवढ्या अरुंद दारातून जायचे असताना बाजार तयार होणारच होता. २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी टीईटीतला गैरव्यवहार उघडकीला आणला. पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याच्या ठपक्यावरून साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. या प्रकरणाची खरी झळ प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांना बसली, कारण त्यांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने पाहू लागले.

न्यायालयांनी पात्रतेची रेष आणखी ठळक केली. पहिली ते पाचवीसाठी बी. एड. चालणार नाही, लहान मुलांना शिकवण्याची खास पदविकाच लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने तर आधीपासून सेवेत असलेल्यांनाही टीईटी लागू केली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी लागेल. वीस-पंचवीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकांना पुन्हा परीक्षेला बसावे लागणे हे अनेकांना अपमानाचे वाटले आणि राज्यभर त्याचे पडसाद उमटले.

दरम्यान रिकामे वर्ग तसेच होते. जुलै २०२३ मध्ये शासनाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिक्त जागांवर नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर, वयाच्या कमाल ७० वर्षांपर्यंत घेण्याचा निर्णय केला. टीईटी उत्तीर्ण होऊन थांबलेल्या तरुणांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: पात्र माणसे दारात उभी असताना निवृत्तांना का बोलावता? कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांत हीच पोकळी तासिका तत्त्वावरचे शिक्षक भरतात. घेतलेल्या तासांचे पैसे, सुटीचे नाहीत, परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेगळे. त्यांतले कितीतरी नेट-सेट आणि पीएच. डी. झालेले असतात.

शाळेच्या रोजच्या व्यवहारात रजेवरच्या शिक्षकाचा तास अजूनही जुन्याच पद्धतीने भरला जातो. मुख्याध्यापकांच्या टेबलावर बदली तासांची वही असते. सकाळी गैरहजर शिक्षकांची नावे आणि त्यांचे तास त्यात मांडले जातात, ज्यांना ऑफ तास आहे त्यांची नावे समोर लिहिली जातात आणि शिपाई ती वही घेऊन सह्यांसाठी वर्गावर्गांतून फिरतो. भूगोलाच्या शिक्षकाला सहावीच्या गणितावर जावे लागते, चित्रकलेच्या शिक्षकाला दहावीच्या इंग्रजीवर. द्विशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक बैठकीला गेला, की पहिली ते चौथी एकाच खोलीत येते आणि चौथीतली मुले पहिलीतल्यांना पाढे म्हणून दाखवतात. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे आणि तिचे अभ्यासक्रम महाविद्यालयांत सुरूही झाले आहेत. रजेच्या जागेवर नेमल्या जाणाऱ्या शिक्षकालाही मग हीच पात्रता लागेल.